डास कोणता? ग्रासी यांचा आयुष्यभराचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोम शहराच्या वेशीबाहेर पडले की मैलोन् मैल जवळजवळ ओसाड मैदान लागे. ‘काम्पान्या’ नावाच्या या भागात जमिनीला कस होता, पाणी होते आणि मोठमोठे जमीनदारही होते. गावे मात्र फारशी नव्हती. गव्हाच्या कापणीचे दिवस आले की आपेनाइन डोंगरांतून मजुरांच्या टोळ्या खाली उतरत. गवताच्या झोपड्यांत किंवा उघड्यावरच झोपत आणि काम आटोपून घरी जाताना मजुरीबरोबर थंडीतापही घेऊन जात. काही जण घरी पोहोचतच नसत. त्या काळी इटलीत दर वर्षी सुमारे १५,००० माणसे हिवतापाने दगावत होती. त्यांत शेतात राबणाऱ्यांची संख्या मोठी होती.

या तापाचे कारण काय, याबद्दल लोकांच्या मनात शंका नव्हती. इटालियन भाषेत ‘माला आरिया’ म्हणजे वाईट हवा. दलदलीतून रात्री विषारी वाफ उठते, ती श्वासातून आत गेली की ताप येतो, ही समजूत इतकी जुनी होती की आजाराचे नावही तिच्यावरूनच पडले. ही वाफ म्हणजे प्रत्यक्षात डास आहे, आणि डास म्हणजे कोणताही डास नव्हे, हे इटलीत सिद्ध करणारा माणूस मूळचा प्राणिशास्त्रज्ञ होता. त्यांचे नाव जियोव्हानी बात्तिस्ता ग्रासी.

आपल्याकडे मलेरिया म्हटले की सिकंदराबादेत काम करणारे रोनाल्ड रॉस आठवतात आणि ते योग्यच आहे. पण आपल्या शेतातल्या पाण्यात वाढणाऱ्या अनेक प्रकारच्या डासांपैकी घातक कोणता, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर धरून ठेवला, त्या ग्रासींची ओळखही करून घ्यायला हवी.

स्वतःवरचा प्रयोग

ग्रासी यांचा जन्म २७ मार्च १८५४ रोजी उत्तर इटलीत, कोमोजवळच्या रोव्हेलास्का या गावी झाला. वडील नगरपालिकेत अधिकारी, तर आई शेतकरी घराण्यातली. पाव्हिया विद्यापीठातून १८७८ मध्ये ते डॉक्टर झाले, पण दवाखान्यापेक्षा त्यांचे मन प्राण्यांच्या अभ्यासात अधिक रमले.

याच सुमाराचा त्यांचा एक प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा आणतो. माणसाच्या आतड्यातला मोठा जंत शरीरात कसा शिरतो, हे तेव्हा ठामपणे माहीत नव्हते. ग्रासींना एका शवविच्छेदनात या जंताची अंडी मोठ्या संख्येने मिळाली. त्यांनी ती जपून ठेवली आणि आपल्या पोटात आधीपासून जंत नाहीत याची खात्री करण्यासाठी कित्येक महिने स्वतःच्या विष्ठेची तपासणी केली. मग १८७९ च्या जुलैमध्ये ती अंडी चक्क गिळली. काही आठवड्यांनी विष्ठेत जंताची अंडी दिसू लागली. हा काळ जंताची वाढ होण्यास कमी पडतो, असा आक्षेप पुढे काहींनी घेतला. पण प्रयोगापूर्वी स्वतःला इतके दिवस तपासत राहण्याची चिकाटी ग्रासींच्या स्वभावात होती आणि तीच त्यांच्या पुढच्या कामात दिसते.

जर्मनीत काही काळ शिकून ते १८८३ मध्ये सिसिली बेटावरच्या कातानिया येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी वाळवीच्या वारुळातली समाजरचना अभ्यासली. समुद्रात सापडणारा, पानासारखा चपटा आणि पारदर्शक असा एक मासा स्वतंत्र प्रजातीचा मानला जाई. तो वाम माशाचे पिल्लू आहे, हे त्यांनी सहकाऱ्यासह दाखवून दिले. या दोन्ही कामांसाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ मध्ये त्यांना डार्विन पदक दिले. कातानियात असतानाच, १८९० मध्ये, ग्रासी आणि त्यांचे सहकारी फेलेत्ती यांनी हिवतापाच्या परजीवीचे वर्णन करून त्याला ‘व्हायव्हॅक्स’ हे नाव दिले. आज आपल्या रक्ततपासणीच्या अहवालात ‘पी. व्हायव्हॅक्स’ असे लिहून येते, ते हेच.

डासांचा नकाशा

१८९५ मध्ये ग्रासी रोमच्या विद्यापीठात आले आणि काम्पान्याच्या तापाच्या दाराशी येऊन राहिले. तोपर्यंत अर्धे कोडे सुटले होते. हिवतापाच्या रुग्णाच्या रक्तात परजीवी असतो, हे फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात पाहिले होते. तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात कसा जातो, हे मात्र कळत नव्हते. डासांवर संशय होता, पुरावा नव्हता.

ऑगस्ट १८९७ मध्ये रॉस यांना सिकंदराबादेत, हिवतापाच्या रुग्णाला चावलेल्या डासाच्या जठरात परजीवीच्या वाढीच्या खुणा सापडल्या. पुढच्या वर्षी कोलकात्यात त्यांनी पक्ष्यांच्या मलेरियाचे संपूर्ण चक्र डासांमधून उलगडून दाखवले. हे काम मोठे होते, पण रॉस कीटकशास्त्रज्ञ नव्हते. डासांना ते रंगरूपावरून ओळखत: राखी, पट्टेदार, ठिपकेदार पंखांचे. माणसाचा हिवताप नेमकी कोणती प्रजाती पसरवते, ते सांगायचे राहिले होते.

इथे ग्रासींचे प्राणिशास्त्र कामी आले. १८९८ च्या उन्हाळ्यात ते इटलीभर फिरू लागले. त्यांची पद्धत साधी होती. ताप असलेल्या गावी जायचे, ताप नसलेल्या गावी जायचे, दोन्हीकडचे डास पकडायचे, ओळखायचे आणि तुलना करायची. डास म्हणजे ताप, हा हिशेब लगेच चुकला. कित्येक गावांत डासांनी लोकांना हैराण केले होते, पण हिवतापाचे नाव नव्हते. जिथे जिथे हिवताप होता तिथे मात्र डास होतेच. याचा अर्थ, गुन्हेगार डासच होता, पण सगळे डास गुन्हेगार नव्हते.

शहरातल्या नाल्यांत वाढणारा, रात्री कानाशी गुणगुणणारा नेहमीचा क्यूलेक्स डास निरोगी गावांतही मुबलक होता. त्याच्यावरचा संशय दूर झाला. एकेक नाव खोडत सप्टेंबर १८९८ पर्यंत ग्रासींच्या यादीत तीनच प्रजाती उरल्या. त्यांतही सर्वात दाट संशय होता तो इटालियन शेतकरी ज्याला ‘झांझारोने’, म्हणजे मोठा डास, म्हणत त्या ॲनोफिलिसवर. कीटकशास्त्रज्ञ त्याला पुढे ‘मॅक्युलिपेनिस’ म्हणू लागले. त्याचा अर्थ ठिपकेदार पंखांचा. रॉस यांनी रंगावरून हेरलेला डासही याच कुळातला होता.

आता प्रत्यक्ष पुरावा हवा होता. रोममधले सांतो स्पिरितो रुग्णालय हिवतापापासून मुक्त अशा जागी होते. दुसऱ्याच आजारासाठी तिथे दीर्घकाळ राहिलेल्या एका रुग्णाने प्रयोगाला संमती दिली. तापाच्या भागातून पकडून आणलेले डास त्याच्या खोलीत सोडण्यात आले. सुरुवातीचे प्रयत्न फसले. मग नोव्हेंबर १८९८ च्या आरंभी त्याला थंडी वाजून ताप भरला आणि रक्तात परजीवी सापडले. क्विनाइन देऊन त्याला बरे करण्यात आले. आजच्या नियमांत असा प्रयोग इतक्या सहज करता येणार नाही. त्यानंतर डिसेंबरपर्यंत ग्रासी, बिन्यामी आणि बास्तियानेल्ली या तिघांनी माणसाच्या हिवतापाचा परजीवी ॲनोफिलिसच्या पोटातून लाळग्रंथीपर्यंत कसा पोहोचतो, याचे टप्पे दाखवून दिले.

जाळीच्या आतले ११२

शोध लागला, पण लोकांना तो पटायला हवा होता. पिढ्यान् पिढ्या वाईट हवेला दोष देणाऱ्यांसमोर सूक्ष्मदर्शकाचे चित्र ठेवून उपयोग नव्हता. म्हणून ग्रासींनी १९०० च्या उन्हाळ्यात नेपल्सच्या दक्षिणेला, सालेर्नोजवळच्या कापाच्चो मैदानाची निवड केली. प्राचीन ग्रीक मंदिरे, सेले नदी, दलदल, म्हशींचे कळप आणि त्यांतून जाणारा रेल्वेमार्ग असा हा परिसर हिवतापासाठी बदनाम होता. रेल्वेचे कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे दर उन्हाळ्यात आजारी पडत.

या कुटुंबांच्या घरांच्या दारा-खिडक्यांना बारीक तारेची जाळी बसवण्यात आली. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत सगळ्यांनी आत राहायचे, बाहेर पडावेच लागले तर तोंडावर जाळी आणि हातात मोजे घालायचे, एवढाच नियम. पाणी तेच, दलदल तीच, रात्री जाळीतून आत येणारी हवाही तीच. फक्त डास अडले होते. हंगाम संपला तेव्हा जाळीआडच्या ११२ जणांपैकी पाचच जणांना ताप आला होता. जाळीविना राहिलेल्या ४१५ जणांना तापाने गाठले होते. त्याच उन्हाळ्यात इंग्लंडच्या पॅट्रिक मॅन्सन यांनी पाठवलेले डॉक्टरही ओस्तियाजवळ जाळीच्या घरात राहून निरोगी राहिले. वाईट हवेची कहाणी तिथे संपली.

मजुरांचे हाल मात्र लगेच संपले नाहीत. रेल्वे कर्मचाऱ्याला घर होते, घराला खिडकी होती. कापणीला आलेल्या मजुराला यांतले काहीच नव्हते. ज्याला छप्परच नाही त्याने जाळी लावायची कुठे? हे ओळखून डिसेंबर १९०० मध्ये इटलीने कायदा करून सरकारी क्विनाइनची विक्री सुरू केली. हे औषध तंबाखूच्या सरकारी दुकानांतून स्वस्तात मिळू लागले आणि पुढे मजुरांना ते मोफत मिळण्याची तरतूद झाली. हिवतापाचे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

मानाचा वाद

याच काळात ग्रासींच्या आयुष्यातला कडवट अध्याय घडला. शोध आधी कोणाचा, यावरून रॉस आणि ग्रासी यांच्यात जाहीर भांडण जुंपले. आपल्या कामावरच ग्रासींनी इमारत उभी केली आणि श्रेय मात्र दिले नाही, असा रॉस यांचा आरोप होता. आपण स्वतंत्रपणे माणसाच्या हिवतापाचा खरा वाहक शोधला, असे ग्रासींचे म्हणणे होते. जर्मनीचे रॉबर्ट कॉख यांचेही वजन ग्रासींच्या विरोधात पडले. १९०२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले.

आज मागे वळून पाहता दोघांच्याही वाट्याला खरे श्रेय येते. डासाच्या शरीरात परजीवी वाढतो, हे दाखवण्याचा पहिला मान रॉस यांचा. माणसाचा हिवताप ॲनोफिलिस पसरवतो, हे प्रजातीसह सिद्ध करण्याचा मान ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. पण ग्रासींना झालेली जखम खोल होती. त्यांनी मलेरियाचे काम बरीच वर्षे बाजूला ठेवले. वाळूमाशीवर संशोधन केले, युरोपातल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त करणाऱ्या फिलोक्सेरा या किडीवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. १९०८ मध्ये ते देशाचे सिनेटर झाले. हिवतापाकडे मात्र ते लवकर वळले नाहीत.

डास तोच, पण ताप नाही

पहिल्या महायुद्धाने त्यांना परत आणले. युद्धकाळात शेतीची घडी विस्कटली, उपचार आणि देखरेख कोलमडली आणि इटलीत हिवताप पुन्हा उसळला. साठी ओलांडलेले ग्रासी रोमजवळ, तिबर नदीच्या मुखाशी असलेल्या फियुमिचिनो या गावी काम करू लागले. तिथल्या शेतकरी कुटुंबांना तपासायचे, औषध द्यायचे आणि डासांची पाहणी करायची, असा त्यांचा क्रम होता. मुलगी इसाबेला मदतीला असे.

या वेळी त्यांच्यासमोर जो प्रश्न उभा राहिला तो त्यांच्याच शोधाला आव्हान देणारा होता. ॲनोफिलिस नसेल तर हिवताप नाही, हे पक्के होते. पण ॲनोफिलिस असूनही हिवताप नाही, अशा जागा सापडत होत्या. नेपल्सजवळ स्कितो नावाचा भाजीमळ्यांचा परिसर होता. पाणी भरपूर, गुरे भरपूर, गोठ्यांत ॲनोफिलिसही भरपूर. तरी माणसे निरोगी. लोंबार्दीसारख्या उत्तरेकडच्या सुपीक भागांतही असेच चित्र दिसे. युद्धावरून हिवताप घेऊन आलेले सैनिक युरोपातल्या अशा अनेक भागांत राहिले, तरी तिथे साथ पसरली नाही. म्हणजे परजीवी होता, डासही होता, पण दोघांची गाठ पडत नव्हती.

मोठे नाव झालेल्या शास्त्रज्ञाला असे अपवाद नजरेआड करणे सोपे असते. ग्रासींनी मात्र १८९८ मधलाच प्रश्न नव्याने विचारला: डास कोणता? स्कितोचे डास निरखून ते या निष्कर्षाला आले की, दिसायला तंतोतंत सारखा असला तरी तिथला ॲनोफिलिस माणसाच्या वाटेला जात नाही. तो जनावरांच्या रक्तावर जगतो. एकाच नावाखाली निरनिराळ्या सवयींचे डास असावेत, असे त्यांनी १९२० नंतरच्या वर्षांत मांडले. भिंगाखाली हा फरक दाखवता येत नसल्याने अनेकांना ते पटले नाही.

४ मे १९२५ रोजी रोममध्ये ग्रासी यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना फियुमिचिनोच्या दफनभूमीत, ज्यांच्यासाठी काम केले त्या शेतकऱ्यांच्या गावात, पुरण्यात आले.

उत्तर पुढच्याच वर्षी मिळू लागले. फाल्लेरोनी नावाच्या इटलीतल्या निवृत्त आरोग्य निरीक्षकाने ॲनोफिलिसच्या माद्या वेगवेगळ्या ठेवून त्यांची अंडी पाहिली. पाण्यावर तरंगणाऱ्या त्या इवल्या अंड्यांवर काळ्या-पांढऱ्या नक्षीचे निरनिराळे प्रकार होते आणि एक मादी नेहमी एकाच नक्षीची अंडी घालत होती. डास सारखे दिसत, पण अंडी वेगळी होती. मग हॅकेट, मिस्सिरोली आदींनी १९३० च्या दशकात कोडे पूर्ण सोडवले. मॅक्युलिपेनिस ही एक प्रजाती नसून जुळ्या भावंडांसारख्या प्रजातींचा गट होता. किनाऱ्यालगतच्या उबदार, काहीशा खाऱ्या पाण्यात वाढणारा ‘लाब्रान्की’ घरात शिरून माणसाला चावत होता. आतल्या भागातल्या गोड्या पाण्यात वाढणारे त्याचे भाईबंद बहुतांशी गोठ्यातच पोट भरत होते. ग्रासींचा तर्क खरा ठरला, पण तो पाहायला ते नव्हते.

आपल्या शिवारात

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आपल्या शेतांनाही लागू पडते. भारतात ॲनोफिलिसच्या सुमारे ६० प्रजाती आहेत. त्यांतल्या सहाच हिवतापाच्या प्रमुख वाहक मानल्या जातात. ग्रामीण भागातला मुख्य वाहक ‘क्युलिसिफेसिस’ कालव्याच्या गळतीचे पाणी, नदीपात्रातली डबकी आणि नुकत्याच लावणी झालेल्या भातखाचरांत वाढतो. पीक दाट झाले की त्याची संख्या घटते आणि त्याच खाचरात दुसऱ्या प्रजाती वाढू लागतात. तोही एकच डास नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय शास्त्रज्ञांनी त्याच्यातल्या जुळ्या प्रजाती वेगळ्या ओळखल्या. आज ए ते ई अशा पाच मानल्या जातात आणि त्यांतली ‘बी’ हिवताप पसरवण्यात बरीच दुबळी आहे. भातशेतीतले काही क्यूलेक्स डास हिवताप देत नाहीत, पण जपानी मेंदूज्वर पसरवू शकतात. शहरात घरातल्या टाकीत, विहिरीत वाढणारा ‘स्टीफेन्सी’ आणखी निराळा.

म्हणून शेतात डास दिसले की सरसकट धुराची फवारणी करणे म्हणजे काम झाले असे नाही. औषध भिंतीवर मारायचे की पाण्यात, हे डास कुठे विसावतो आणि कुठे अंडी घालतो यावर ठरते. रात्री चावणाऱ्या ॲनोफिलिससाठी मच्छरदाणी उत्तम, दिवसा चावणाऱ्या डेंग्यूच्या एडिससाठी ती पुरेशी नाही. ॲनोफिलिस ओळखण्याची सोपी खूणही आहे. भिंतीवर बसताना तो शेपटीकडचा भाग उचलून तिरपा बसतो, क्यूलेक्स भिंतीला समांतर बसतो. पाण्यात मात्र उलटे: ॲनोफिलिसची अळी पृष्ठभागाला समांतर पसरलेली दिसते, क्यूलेक्सची डोके खाली करून तिरपी लोंबकळते.

खूण पटो वा न पटो, लावणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत थंडी वाजून ताप आला तर तो अंगावर काढू नये. जवळच्या आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि औषधांचा पूर्ण कोर्स घ्यावा. शेतात मुक्कामाला आलेल्या मजुरांच्या झोपडीत मच्छरदाणी आहे का, हे शेतमालकानेही पाहावे. काम्पान्यातल्या मजुरांना ती कोणी दिली नव्हती.